वर्डफेन्सची मोफत आवृत्ती: वूकॉमर्सच्या दुकानाला किती पुरते?

वर्डफेन्स हे वर्डप्रेस साइटच्या सुरक्षेचं प्लगिन, तर वूकॉमर्स हे वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान चालवायचं प्लगिन. वूकॉमर्सवर दुकान चालवणाऱ्याने वर्डफेन्सची मोफत आवृत्ती जरूर घ्यावी. पण नुसती बसवून सोडून दिली तर ती निम्मंही काम करत नाही, आणि तिची किंमत रुपयांत नाही तर 30 दिवसांत मोजावी लागते.

आधी ते 30 दिवस. फायरवॉलचा (घातक विनंत्या अडवणाऱ्या भिंतीचा) नवा नियम किंवा नव्या मालवेअरची (घातक कोडची) ओळख पैसे भरणाऱ्यांना लगेच मिळते, मोफतवाल्यांना महिन्याने. मार्च 2023 मध्ये वूकॉमर्स पेमेंट्स या पैसे घेण्याच्या प्लगिनमधली एक त्रुटी उघड झाली. साइटला जाणाऱ्या विनंतीसोबत एक हेडर (माहितीची जादा ओळ) पाठवला की कुणीही ॲडमिन बनू शकत होता. हल्ल्यांची मोठी लाट जुलैत आली, तोवर नियम मोफतवाल्यांपर्यंतही पोचला होता. एप्रिल 2025 मध्ये ऑटोकिट प्लगिनच्या वेळी मात्र माहिती जाहीर झाल्यावर काही तासांतच हल्ले सुरू झाले. म्हणजे मोफत आवृत्ती वापरायची तर सुरक्षेचे अपडेट त्याच दिवशी टाकायचे. ‘रविवारी बघू’ चालणार नाही.

बसवल्यावर पहिलं काम वर्डफेन्समधलं फायरवॉलच्या ‘ऑप्टिमाइझ’चं बटण दाबणं. तोवर फायरवॉल इतर प्लगिनांच्या बरोबरीनेच सुरू होतो. दाबल्यावर तो वर्डप्रेसच्या आधी उठतो, कारण .user.ini फाइलमध्ये auto_prepend_file ची ओळ जाते. हीच ओळ होस्टिंग बदलताना अंगाशी येते: त्यातला फाइलचा पत्ता जुन्या सर्व्हरचा राहतो आणि साइट पांढरी पडते. ओळ काढून टाका आणि पाचेक मिनिटं थांबा, कारण पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं ती) ती फाइल साधारण 300 सेकंद लक्षात ठेवतं. हलवण्याआधीच एक्स्टेंडेड प्रोटेक्शन (‘ऑप्टिमाइझ’ने चालू झालेलं हेच संरक्षण) काढून ठेवलं तर ही वेळच येत नाही.

पहिला आठवडा फायरवॉल लर्निंग मोडमध्ये असतो, तेव्हा तो फारसं अडवत नाही, फक्त शिकतो. त्या आठवड्यात ऑर्डर, कूपन, रिफंड, नवं उत्पादन हे सगळं एकेकदा करून घ्या. साइटवर आधीच हल्ला चालू असेल तर हा मोड नको, तो हल्ल्यालाच नेहमीचं गिऱ्हाईक समजेल.

साइटच्या पुढे क्लाउडफ्लेअर (ग्राहक आणि सर्व्हर यांच्या मधली सेवा) असेल तर ग्राहकाचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, कसा ओळखायचा या पर्यायात CF-Connecting-IP निवडा. नाहीतर वर्डफेन्सला प्रत्येक ग्राहक क्लाउडफ्लेअरचा दिसू शकतो, आणि एका चोराला अडवताना सगळी रांग बाहेर राहते.

लॉगिनची मूळ मर्यादा 20 चुकांची आहे, ती 5 ते 10 वर आणा. ‘चुकीचं युजरनेम दिलं की लगेच बंदी’ हा पर्याय ब्लॉगला ठीक, दुकानाला नाही. ईमेलमध्ये एक अक्षर चुकलेला ग्राहक परत येत नाही. बंदीही काही तासांचीच ठेवा. आपल्याकडे मोबाइल नेटवर्कवर एकाच आयपीमागे असंख्य ग्राहक असतात. दुहेरी पडताळणी (पासवर्डसोबत मोबाइलवरचा कोड) मात्र ॲडमिन आणि शॉप मॅनेजर दोघांनाही सक्तीची करा, आणि मोबाइल हरवल्यास उपयोगी पडणारे पाच रिकव्हरी कोड कागदावर लिहून ठेवा. ऑर्डर पाहणाऱ्या पोराच्या लॉगिनमधूनच ग्राहकांचे पत्ते बाहेर जातात.

स्कॅनची एक उणीव लक्षात ठेवायला हवी. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरच्या प्लगिन-थीमच्या फाइली तो मूळ प्रतीशी ताडून पाहतो. विकत घेतलेल्या थीमची मूळ प्रत तिथे नसते, तेव्हा फक्त ओळखीच्या खुणा शोधल्या जातात, त्याही महिनाभर जुन्या. फुकट मिळालेली ‘नल्ड’ (परवाना तोडून वाटलेली) थीम घेणाऱ्याला म्हणूनच आत मालवेअर असतानाही स्कॅन हिरवा दिसू शकतो. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (एका सर्व्हरवर अनेक साइट) स्कॅन मध्येच अडकला तर ‘लो रिसोर्स स्कॅनिंग’ चालू करा. वेळ जास्त लागतो, पण पूर्ण होतो.

विनंत्यांचा पूर आला तर याच्याकडून आशा नको. हा फायरवॉल तुमच्याच सर्व्हरवर चालतो, त्यामुळे गर्दी दारापर्यंत आलेलीच असते.

आणि नोंदींचं. वर्डफेन्समधली साइटवर येणाऱ्यांची नोंदवही, लाइव्ह ट्रॅफिक, मूळ सेटिंगमध्ये 2000 ओळी आणि जास्तीत जास्त 30 दिवस ठेवतं. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग (नोंदी) 180 दिवस जपायचे आहेत आणि नोंदवण्याजोगी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची आहे. तेव्हा होस्टिंगचे ॲक्सेस लॉग दर आठवड्याला दुसरीकडे उतरवून ठेवा. ते काम वर्डफेन्स करत नाही.