धंद्यातला वाद मिटवायला मध्यस्थ कोण: निवृत्त न्यायाधीश, वकील, सीए की घरचं वडीलधारं?

चाकणच्या एका कारखान्याचं उदाहरण घेऊ. काल्पनिक आहे, पण औद्योगिक पट्ट्यात वावरणाऱ्याला अशी दोन-चार प्रकरणं सहज आठवतील. दोन कुटुंबांची निम्मी-निम्मी मालकी. प्लॉट एमआयडीसीचा. बँकेचं कर्ज, त्याला दोन्ही घरांची वैयक्तिक हमी. त्यात एकाच्या मुलानं त्याच ग्राहकांना माल देणारी वेगळी कंपनी काढलेली. आता दोघांनाही वेगळं व्हायचंय. लवाद नेमला तर तो निकाल देईल. मध्यस्थाच्या हातात निकाल नसतो, म्हणून त्याच्या नावाचा दबदबा नंतर बघा. गाडं नेमकं कशापाशी अडलंय ते आधी बघा.

पहिलं नाव बहुतेक वेळा निवृत्त न्यायाधीशांचं निघतं. ‘कोर्टात गेलो तर मीच जिंकणार’ या खात्रीवर एखादा अडून बसला असेल, तर ही निवड चोख. ‘या मुद्द्यावर तुमचं अवघड दिसतंय’ हे वाक्य वकिलाच्या तोंडून ऐकणं वेगळं आणि उच्च न्यायालयात पंधरा वर्षं बसलेल्या माणसाकडून ऐकणं वेगळं. अडचण अशी, की त्यांच्यासमोर लोक मन मोकळं करत नाहीत, बाजू मांडतात. कधी कधी साहेबही सवयीनं मनातल्या मनात निकाल लिहून टाकतात आणि मग दोघांना तिकडे वळवत राहतात. याला सन्माननीय अपवाद आहेत, पण अपवादाची खात्री नेमण्याआधी करून घ्यावी.

प्रशिक्षित वकील-मध्यस्थांचा दबदबा कमी, चिकाटी जास्त. सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीनं आखलेलं चाळीस तासांचं प्रशिक्षण यांपैकी अनेकांनी घेतलेलं असतं. मात्र प्रमाणपत्रावर भाळू नका. कौटुंबिक न्यायालयातली आणि चेक बाउन्सची प्रकरणं हाताळून हातखंडा झालेला माणूस भागधारकांच्या वादात चाचपडू शकतो. भागीदारी फुटण्याचे किती वाद हाताळले, हा प्रश्न सरळ विचारावा. समोरच्या पक्षाचं किंवा त्याच्या बँकेचं काम कधी केलंय का, हेही. चांगला मध्यस्थ तुम्ही विचारायच्या आधी स्वतःच सांगतो.

सीए किंवा इंजिनिअर मध्यस्थ म्हणून मला फारसा पटत नाही. तो आकडा काढतो, आणि एकदा काढला की त्याच आकड्याचं समर्थन करत बसतो. मूळ भांडण बाजूला राहून दोन्ही घरं त्याच्या हिशेबाशी भांडू लागतात. दोघांनी मिळून नेमलेला तटस्थ मूल्यांकनकार म्हणून मात्र तो हवाच. कंपनीचा नेहमीचा ऑडिटर या दोन्ही भूमिकांत नको, तो कितीही सज्जन असला तरी.

उरले घरातले किंवा असोसिएशनमधले वडीलधारे. फी नाही, सगळा इतिहास तोंडपाठ, शब्दाला वजन. अंबानी बंधूंची वाटणी 2005 साली झाली ती आई कोकिलाबेन यांच्या शब्दावर, आणि आयसीआयसीआय बँकेचे तेव्हाचे प्रमुख के. व्ही. कामत यांच्या मदतीनं. घर तुटताना तोडगा निघाला, यात त्या अधिकाराचा वाटा मोठा. पण त्या कौटुंबिक सामंजस्य करारातल्या गॅसच्या दरावरून पुढे दोन्ही समूह सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले. कुटुंबानं आपसात केलेला करार कंपनीवर बंधनकारक होत नाही, असं 7 मे 2010 च्या निकालात न्यायालयानं सांगितलं. आपल्या कारखान्याला हे जसंच्या तसं लागू पडतं. दोन्ही घरांनी आपसात ‘हमी तुझी काढून टाकू’ असं ठरवलं, तरी बँक मान्य करेपर्यंत ती हमी तशीच राहते. प्लॉट एकाच्या नावावर करायचा तर एमआयडीसीची परवानगी आणि शुल्क आलंच. खोलीत नसलेल्या कोणाकोणाची सही लागणार, हे जो पहिल्याच बैठकीत विचारतो, त्याला माझं मत.

कोर्टाच्या वाटेनं येणारा मध्यस्थ हा वेगळा प्रकार. तीन लाख रुपये किंवा त्यावरच्या व्यावसायिक दाव्यात मनाई हुकुमासारखा तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या (कमर्शियल कोर्ट्स ॲक्ट) कलम 12अ नुसार दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते. पाटील ऑटोमेशन प्रकरणात 2022 साली सर्वोच्च न्यायालयानं ती सक्तीची ठरवली. मुदत तीन महिने, दोघांच्या संमतीनं आणखी दोन. तेवढा काळ दावा दाखल करायच्या कायदेशीर मुदतीत मोजला जात नाही, आणि तडजोडीला लवादाच्या निवाड्याचा दर्जा मिळतो. थकलेल्या बिलासाठी हे पुरेसं आहे. पण इथे मध्यस्थ विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीतला; तुमच्या पसंतीचा मिळेलच असं नाही. शिवाय खासगी मध्यस्थी फसली तरी हा टप्पा सुटला असं धरून चालू नका, वकिलाला विचारा.

लघुउद्योगांच्या थकबाकीसाठी असलेल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाताना एक सावधगिरी: तडजोड झाली नाही तर तेच कौन्सिल पुढे लवाद म्हणून निकाल देऊ शकतं. ज्याच्यापुढे आज ‘एवढ्यावर सोडायला तयार आहे’ म्हणाल, तोच उद्या आकडा ठरवेल.

चाकणच्या त्या दोन घरांना मी वकील-मध्यस्थ आणि सोबत संयुक्त मूल्यांकनकार सुचवेन. मुलाच्या कंपनीनं कायद्यानं काही चूक केली का, एवढ्यावरच सगळं अडलं असेल, तर निवृत्त न्यायाधीश. फी बैठकीवर की ठोक, हे आधी लेखी ठरवा आणि ती निम्मी-निम्मी भरा. एकानं सगळी भरली की दुसऱ्याला मध्यस्थ पहिल्या दिवसापासून त्याचा वाटतो.