सेन्सरसाठी ग्राफीन निवडताना: सीव्हीडी, ऑक्साइड, क्षपित की लेझरचं?

इलेक्ट्रोडवर ग्राफीन, म्हणजे एका अणूइतक्या जाडीची कार्बनची चादर, लावायचं ठरलं की पहिला मोह होतो तो शुद्ध, अखंड, एकपदरी थराचा. विद्युतरासायनिक (रेणूंच्या अभिक्रियेतला विद्युतप्रवाह मोजणाऱ्या) सेन्सरसाठी ही निवड बहुधा चुकते. पृष्ठक्षेत्राचा 2,630 चौरस मीटर प्रतिग्रॅम हा मिरवला जाणारा आकडा सुट्ट्या एकपदरी चादरीचा, तोही सैद्धांतिक. इलेक्ट्रोडवर वाळताना पदर एकमेकांना चिकटतात आणि बरंच क्षेत्र बुजून जातं. शिवाय अनेक रेणूंच्या बाबतीत इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण सपाट पृष्ठापेक्षा कडांवर आणि दोषांपाशी वेगाने होते. थोडक्यात, इथे जरा ‘खराब’ मालच जास्त उपयोगी.

म्हणून सीव्हीडी, म्हणजे तापलेल्या वायूतून थर वाढवून केलेलं, ग्राफीन आधीच बाजूला काढतो. तांब्याच्या पत्र्यावर मिथेनपासून सुमारे 1,000 अंश सेल्सिअसला ते वाढवायचं, मग पॉलिमरच्या आधाराने उचलून न्यायचं, आणि त्या पॉलिमरचे अवशेष पृष्ठावर राहतातच. ट्रान्झिस्टर पद्धतीचा सेन्सर करायचा असेल तर हा खटाटोप करावा.

खरी चुरस आहे ग्राफीन ऑक्साइड आणि त्याच्या क्षपित (बराचसा ऑक्सिजन काढून टाकलेल्या) रूपात. 1958च्या हमर्स पद्धतीने किंवा तिच्या सुधारित आवृत्त्यांनी ऑक्साइड बनतं, पाण्यात सुरेख पसरतं, आणि त्याच्या कार्बोक्झिल गटांवर अँटिबॉडी किंवा डीएनए पक्कं बांधता येतं. वीज मात्र जवळजवळ वाहू देत नाही. क्षपण केलं की वहन बरंचसं परत येतं, पण पाण्यातलं टिकाव धरणं जातं आणि पदरांचे गठ्ठे होतात. यावर मला आवडणारा तोडगा म्हणजे ऑक्साइडचा थेंब ग्लासी कार्बनवर (काचेसारख्या कार्बनच्या नेहमीच्या इलेक्ट्रोडवर) वाळवायचा आणि तिथेच, साधारण उणे 1 ते उणे 1.5 व्होल्टच्या टप्प्यात, विद्युतक्षपण करायचं. हायड्रॅझीनसारखं विषारी रसायन लागत नाही आणि काही ऑक्सिजन गट शिल्लक राहतात.

हे उरलेले गट फुकट जात नाहीत. डोपामीन मोजताना ॲस्कॉर्बिक आम्ल आड येतं. साध्या ग्लासी कार्बनवर दोघांची शिखरं (व्होल्टता बदलताना आलेखात दिसणारे प्रवाहाचे उंचवटे) एकमेकांत मिसळतात. पीएच 7.4 ला डोपामीन धनभारित, ॲस्कॉर्बेट ऋणभारित. त्यामुळे ऋणभारित गट असलेलं पृष्ठ पहिल्याला ओढतं, दुसऱ्याला दूर लोटतं. मात्र याच कारणाने फेरीसायनाइडचा (इलेक्ट्रोड तपासायला वापरतात त्या ऋणभारित आयनाचा) प्रतिसाद अशा पृष्ठावर मंदावलेला दिसू शकतो. तेवढ्यावरून इलेक्ट्रोड बाद ठरवू नका, धनभारित रुथेनियम हेक्झाअमाइनवरही तपासा.

एकदा वापरून टाकायच्या पट्ट्या मोठ्या संख्येने हव्या असतील तर लेझर-प्रेरित ग्राफीन बघा. राइस विद्यापीठातल्या गटाने 2014 मध्ये पॉलिइमाइड प्लास्टिकवर कार्बन डायऑक्साइड लेझर फिरवून हे दाखवलं. इलेक्ट्रोडचा आकार थेट कोरला जातो, थेंब वाळवण्यातली असमानता टळते. पण थर ठिसूळ असतो, घासला की निघतो, आणि लेझरची शक्ती किंवा फोकस थोडा हलला तरी गुणधर्म बदलतात.

निवड काहीही करा, शेजारी कोरा इलेक्ट्रोड आणि साध्या ग्रॅफाइटचा थर ठेवून मोजा. हमर्स पद्धतीत परमँगनेट वापरतात. धुण्यात कसूर झाली तर उरलेलं मँगनीज स्वतःच उत्प्रेरक होऊ शकतं आणि श्रेय ग्राफीनला जातं. एकाच रेणूची ऑक्सिडीकरणाची आणि क्षपणाची शिखरं जवळ आली म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने गेले, असंही लगेच धरू नये. सच्छिद्र थरात अडकलेल्या द्रावणामुळेही तोच आलेख मिळू शकतो.