आजारी बेवारस पिल्लांसाठी नाशिकच्या गंगापूर रोडवरचा पशुवैद्यकीय दवाखाना : आमचा अनुभव

ऑगस्टमधल्या संततधार पावसात आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीतील पार्किंगमध्ये, मीटरच्या पेटीमागे मांजराची तीन पिल्ले सापडली. त्यांना घेऊन आम्ही या दवाखान्यात गेलो आणि पुढचे सोळा दिवस येथे येत राहिलो. दवाखान्यातील उपचारांबद्दल मी लिहिणारच आहे. परंतु मला अधिक मोलाचे वाटते ते हे की, कोणत्या पिल्लासाठी काय करायचे, कुठवर करायचे आणि काय अजिबात करायचे नाही, हे ठरवताना येथील डॉक्टरांनी आम्हाला एकटे सोडले नाही.

त्यांचा पहिला प्रश्न होता, "आई दिसते का?" पिल्ले धडधाकट असतील आणि आई आसपास येत असेल तर त्यांना उचलू नये, लांबून काही तास लक्ष ठेवावे, कारण आईसारखे संगोपन आपल्याला जमत नाही, असे त्यांनी सांगितले. आमच्या वॉचमन मामांनी मांजरीला दोन दिवसांत पाहिले नव्हते, पिल्लांचे डोळे चिपडांनी पूर्ण चिकटलेले होते आणि सर्वांत लहान पिल्लू हाताला गार लागत होते. हे ऐकल्यावर मात्र त्यांनी उचलून आणण्याचा निर्णय योग्यच ठरवला.

तपासणी घाईने झाली नाही. वजनकाट्यावर प्लॅस्टिकचे भांडे ठेवून एकेका पिल्लाचे वजन केले, ते 410, 380 आणि 290 ग्रॅम भरले. दात पाहून वय पाच आठवड्यांचे असावे असा अंदाज त्यांनी सांगितला. या वयात वजन अर्ध्या किलोच्या आसपास हवे. मग कोमट सलाइनमध्ये भिजवलेला कापूस पापणीवर तसाच धरून ठेवला, चिपडे मऊ होईपर्यंत वाट पाहिली आणि नाकाकडून बाहेरच्या बाजूला हलकेच पुसले. चार-पाच मिनिटांनी एक डोळा किलकिला झाला, तेव्हा पिल्लाने प्रथमच आवाजाच्या दिशेने मान वळवली. प्रत्येक डोळ्यासाठी वेगळा बोळा वापरायचा, हे त्यांनी माझ्याकडून तिथेच करवून घेतले.

घरी माणसांसाठी आणलेले डोळ्यांचे थेंब होते आणि ते घालावेत असे माझ्या मनात होते. त्यांनी स्पष्ट नकार दिला. अशा थेंबांत स्टेरॉइड असू शकते आणि बुबुळावर जखम असल्यास त्याने डोळा कायमचा जाऊ शकतो. तापासाठी पॅरासिटामॉल देणे म्हणजे मांजराला विष देणे आहे, पिसवांसाठी कुत्र्यांचे परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले औषध लावणेही तितकेच घातक, आणि गाईच्या दुधाने बहुतेक पिल्लांना जुलाब लागतात, हेही त्यांनी एका कागदावर मराठीत लिहून दिले. तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे.

सर्वांत अवघड निर्णय तिसऱ्या पिल्लाचा होता. त्याचे तापमान 96.8 अंश फॅरनहाइट होते (मांजराचे साधारण 100.5 ते 102.5 असते), आणि पिसवांनी रक्त शोषल्यामुळे हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मी सिरिंजने दूध पाजायला निघाले होते. "ताई, गार पिल्लाच्या पोटात काही घालू नका, ते पचत नाही. आधी ऊब द्या," असे म्हणून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली जवळ ठेवली, बारीक फणीने पिसवा काढल्या आणि कातडीखाली कोमट सलाइन दिले. नंतर आम्हा दोघांना बसवून, ते पिल्लू जगण्याची शक्यता कमी असल्याचे त्यांनी स्पष्ट सांगितले. घरी नेऊन रात्रभर ऊब देत राहणे किंवा त्याचे हाल वाढले तर शांतपणे मरण देणे, हे दोन्ही मार्ग खर्चासह सांगितले आणि कोणताही मार्ग आमच्यावर लादला नाही. आम्ही घरी नेले. पहाटे चारच्या सुमारास माझ्या मांडीवरच त्याने प्राण सोडला. दुसऱ्या दिवशी ते कळवले तेव्हा, आणखी काही करता आले असते का, या माझ्या प्रश्नाला त्यांनी पूर्ण वेळ देऊन उत्तर दिले.

घरी आमची मनी आहे, हे कळताच त्यांनी तिच्या लसीकरणाची चौकशी केली. मांजरांमधील पॅनल्युकोपेनिया या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराचा विषाणू घरात कित्येक महिने टिकतो, म्हणून पिल्ले वेगळ्या खोलीत, भांडी वेगळी आणि हात धुतल्याशिवाय मनीला स्पर्श नाही, अशी शिस्त घालून दिली. उलट्या किंवा पाण्यासारखे जुलाब नसल्यामुळे त्याची चाचणी मात्र त्यांनी उगाच करायला लावली नाही. माझ्या यजमानांना ओरखडा उठला होता. त्याकडे दुर्लक्ष न करता साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायला लावून, रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पाठवले.

त्रुटीही सांगितल्या पाहिजेत. कुत्री आणि मांजरे एकाच बाकावर वाट पाहतात. शेजारी मोठा लॅब्राडोर भुंकत असताना पिल्ले खोक्याच्या कोपऱ्यात थरथरत होती. रात्री जनावर ठेवून घेण्याची सोय नाही, आणि तिसऱ्या पिल्लाला त्या रात्री तिचीच गरज होती. संध्याकाळी फोन बऱ्याचदा उचलला जात नाही. तीन पिल्लांची तपासणी मात्र एकाच शुल्कात झाली, हे नमूद करायलाच हवे.

सोळाव्या दिवशी उरलेली दोघे 610 आणि 565 ग्रॅमची झाली. जंताचे औषध दोनदा झाले असून पहिली लस आठ आठवडे पूर्ण झाल्यावर आहे. धाकट्याच्या डाव्या डोळ्यात बारीक पांढरट डाग राहिला आहे, तरी दोरा हलवला की तो त्याच बाजूने झेपावतो. येथे जाणाऱ्यांनी सकाळी लवकर जावे, खोक्याला भोके पाडून वर पातळ कापड टाकावे आणि ताजी शी लहान डबीत न्यावी, म्हणजे जंतांची तपासणी त्याच फेरीत होते.