एकच अल्बम, तीन सीडी

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या १९७३ सालच्या अल्बमच्या १९९४, २००३ आणि २०११ मधील सीडी मी गेला आठवडाभर फोंड्यातल्या घरी आळीपाळीने ऐकल्या. कौलांवर पाऊस कोसळत होता, त्यामुळे सगळे ऐकणे हेडफोनवरच झाले. सीडीवर आवाज किती बारकाईने नोंदवता येतो याची क्षमता १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ अशी ठरलेली असते, म्हणून फरक पडतो तो मास्टरिंगमुळे, म्हणजे प्रती काढण्याआधी ध्वनिमुद्रणावर केलेल्या अखेरच्या संस्कारामुळे; शिवाय मोठा आवाज कानाला उगीचच सरस भासतो, त्यामुळे तिन्ही सीडींचा आवाज आधी समान पातळीवर आणूनच मी तुलना केली.

खरी कसोटी ‘टाइम’ या गाण्याच्या सुरुवातीला लागते. १९९४च्या सीडीत एकेका घड्याळाचा टोल आपापल्या जागी वेगळा उमटतो आणि त्याआधीची शांतता खरोखर शांत वाटते. २००३ची डिस्क हायब्रिड, म्हणजे साधी सीडी आणि सुपर ऑडिओ सीडी असे दोन थर असलेली आहे; तिच्या सीडीच्या थरावर मात्र हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर आक्रसले आहे, त्यामुळे तोच गजर दणदणीत असूनही सपाट वाटतो आणि काही वेळाने कान थकतात. ध्वनी अभियंता जेम्स गथ्रींनी केलेल्या २०११च्या मास्टरिंगमध्ये बास भरीव आहे आणि ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मधला गायिका क्लेअर टोरींचा टिपेला पोहोचलेला स्वर कुठेही चिरकत नाही.

तरीही माझी पसंती १९९४च्याच सीडीला आहे. जुनी प्रत घेताना पुस्तिका अवश्य उघडून पाहावी. आपल्याकडच्या दमट हवेत तिची गुळगुळीत पाने एकमेकांना घट्ट चिकटतात.