घरात ठेवायचा हवेचा मॉनिटर, आठ महिने वापरून लिहितेय

धाकटीला दमा आहे. डॉक्टरांनी विचारलं, त्रास नक्की कधी वाढतो, रात्री, पहाटे, की बाहेरून आल्यावर, तर मला धड सांगताच येईना. त्याच आठवड्यात हा मॉनिटर मागवला. पीएम १, पीएम २.५, पीएम १० (हवेत तरंगणारे बारीक कण, आकडा म्हणजे कण जास्तीत जास्त किती मायक्रॉनचा), कार्बन डायऑक्साइड, टीव्हीओसी (रंग, अत्तर वगैरेंतून उडणारे सगळे सेंद्रिय वायू मिळून), तापमान आणि आर्द्रता असं सगळं एका छोट्या डब्यात दाखवतो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण बाजारातल्या बहुतेक मॉनिटरमध्ये आतले सेन्सर दोनचार ठरलेल्या बनावटीचेच असतात, त्यामुळे मी जे लिहितेय ते तुमच्या हातातल्या दुसऱ्या ब्रँडलाही बऱ्यापैकी लागू पडेल.

आधी चांगलं सांगते. बदल पकडण्यात हे यंत्र खरंच पटाईत आहे. स्वयंपाकघरात काही तळायला घेतलं की तीनचार मिनिटांत बेडरूममधला पीएम २.५ चा आकडा चढायला लागतो, मेणबत्ती विझवली की लगेच एक टोक दिसतं, खिडकी उघडली की उतरताना दिसतो. घरातला धूर किती वेळ रेंगाळतो हे मला पहिल्यांदा कळलं, मला वाटायचं वास गेला म्हणजे धूर गेला, पण वास गेल्यावरसुद्धा तासभर आकडा वरच असायचा. मुलीच्या खोकल्याची वेळ वहीत लिहून ग्राफशी जुळवली तेव्हा तिच्या खोलीचं दार स्वयंपाकाच्या वेळी उघडं राहतं हीच मोठी गडबड निघाली. आता दार बंद असतं, स्वयंपाक झाल्यावरही पंखा अर्धा तास चालू ठेवतो, आणि तिच्या रात्री बऱ्याच शांत जातात. नुसत्या अंदाजाने हे मला कधीच सापडलं नसतं.

आता आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा ते बघू, कारण रिव्ह्यूमध्ये लोक हेच सोडून डब्याचा रंग आणि अॅप कसं आहे ते लिहितात.

आत एक छोटा पंखा हवा ओढतो, त्या हवेवर लेझरचा झोत पडतो, कण समोरून गेला की प्रकाश विखुरतो आणि बाजूचा डिटेक्टर तो टिपतो. म्हणजे यंत्र कणांचं वजन करतच नाही, ते प्रकाशाचे लुकलुकाट मोजतं आणि कण गोल असेल, अमुक घनतेचा असेल असं धरून त्याचं मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर करतं. हवा मोजणाऱ्या सरकारी दर्जाच्या केंद्रांवर मात्र खरंच वजन होतं. एक पद्धत म्हणजे ठरावीक हवा फिल्टरमधून ओढायची, मग तो फिल्टर ३० ते ४० टक्के आर्द्रतेच्या खोलीत २४ तास ठेवून सूक्ष्म तराजूवर तोलायचा, आणि दुसरी म्हणजे फिल्टरच्या पट्टीवर साचलेली धूळ बीटा किरणं किती अडवते त्यावरून दर तासाला वस्तुमान काढायचं, आणि त्यातही आत येणारी हवा दमट असेल तर गरम करून कोरडी करतात.

ही कोरडी करायची भानगड कशासाठी ते मला एका धुक्याच्या सकाळी समजलं. उठून बघते तर बाल्कनीत ठेवलेल्या मॉनिटरवर पीएम २.५ १२०, आर्द्रता ९० टक्के. मी घाबरून मुलीला शाळेतच पाठवलं नाही. नंतर जवळच्या अधिकृत केंद्राचा त्याच तासाचा आकडा बघितला तर ७४. तेही कमी नाहीच, पण १२० आणि ७४ यात बराच फरक आहे. झालं असं की हवेतले सल्फेट, नायट्रेट, मीठ यांचे कण पाणी शोषून फुगतात, अमोनियम सल्फेटचा कण तर साधारण ८० टक्के आर्द्रता ओलांडली की विरघळून थेंबच होतो, आणि फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो. त्यात धुक्याचे बारीक थेंबही लेझरला कणच वाटतात. यंत्र खोटं बोलत नव्हतं, ते पाण्यासकट मोजत होतं, केंद्र पाण्याशिवाय.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पर्पलएअर नावाच्या लेझरवाल्या सेन्सरसाठी यावर एक साधं सूत्र काढलंय: कच्चा आकडा गुणिले ०.५२४, त्यातून आर्द्रता गुणिले ०.०८६२ वजा करायची आणि ५.७५ मिळवायचे. माझ्या त्या सकाळचे १२० आणि ९० घातले तर ६१ येतात. ७४ च्या बरंच जवळ आलं पण नेमकं नाही, आणि ते बरोबरच आहे कारण सूत्र तिकडच्या हवेवर बसवलेलं आहे, जिथे धूळ जास्त किंवा धुराचा प्रकार वेगळा तिथे गुणक बदलणारच. त्यामुळे कुणाचं तरी सूत्र आयतं उचलून लावू नका. मी दोन महिने आमच्या मॉनिटरचा बाल्कनीतला आकडा आणि केंद्राचा आकडा शेजारी शेजारी लिहून स्वतःचा अंदाज बसवला. कंटाळवाणं काम आहे पण त्यानंतरच हा डबा मला खरा उपयोगी पडायला लागला. माझी मोठी तक्रार हीच आहे की यंत्र आर्द्रता स्वतःच मोजतं, तरी दुरुस्ती करत नाही आणि ८० च्या वर गेल्यावर साधी सूचनासुद्धा देत नाही. सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं की सेन्सर फॅक्टरीत कॅलिब्रेट केलेला, म्हणजे प्रमाणाशी जुळवलेला आहे. अहो पण फॅक्टरीतल्या हवेत आणि धुक्यातल्या हवेत फरक आहे ना.

अजून एक गोष्ट खरेदी करताना बघाच. आतल्या सेन्सरच्या माहितीपत्रकात अचूकता लिहिलेली असते, माझ्या मॉनिटरच्या सेन्सरची ती १०० पर्यंत अधिक उणे १० मायक्रोग्रॅम आहे. आता जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस बघा, पीएम २.५ चोवीस तासांसाठी १५ आणि वर्षाची सरासरी ५. म्हणजे स्वच्छ हवेच्या पातळीवर चूकच जवळपास मर्यादेएवढी! स्क्रीनवर ९ दिसलं म्हणून हवा उत्तम आणि १७ दिसलं म्हणून वाईट असं काही म्हणता येत नाही. १७ चे ७० झाले तर मात्र नक्की काहीतरी घडलंय.

पीएम १० बद्दल थोडक्यात, त्याकडे बघूच नका. हे छोटे लेझर सेन्सर मोठे कण जवळजवळ पकडतच नाहीत, पीएम १० चा आकडा बराचसा बारीक कणांवरून अंदाजाने काढलेला असतो. समोर बांधकामाची धूळ उडत होती, डोळ्यांना दिसत होती, खिडकीत बोटाने रेघ ओढता येत होती, तरी आकडा ढिम्म. टीव्हीओसी पण तसंच, अत्तर मारलं तरी लाल, सॅनिटायझर लावलं तरी लाल, कुठला वायू आहे ते कळत नाही.

कार्बन डायऑक्साइडचा भाग मात्र मनापासून आवडला. यात खरा एनडीआयआर सेन्सर आहे, इन्फ्रारेड प्रकाश किती शोषला जातो त्यावरून मोजणारा. घेताना हे विचारून घ्या, कारण काही स्वस्त मॉनिटर टीव्हीओसीवरून अंदाज काढून तोच कार्बन डायऑक्साइड म्हणून दाखवतात. बंद बेडरूममध्ये आम्ही तिघं झोपलो की पहाटेपर्यंत आकडा १८०० पीपीएमच्या (हवेच्या दर दहा लाख भागांत किती भाग) पुढे, खिडकी चार बोटं उघडी ठेवली की ९०० च्या आत. हा वायू तेवढ्याने विषारी नाही, पण खोलीत ताजी हवा किती येते ते त्यावरून छान कळतं.

फक्त यात एक खोच आहे. सेन्सर दर आठवड्याला आपोआप स्वतःला जुळवून घेतो, म्हणजे त्या काळातला सगळ्यात कमी आकडा बाहेरच्या ताज्या हवेचा, साधारण ४००, असं धरून चालतो. घर कायम बंद असेल तर तो ६०० लाच ४०० समजायला लागतो आणि मग सगळंच कमी दाखवतो. शिवाय बाहेरची हवासुद्धा आता ४०० ची राहिलेली नाही. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाईच्या मौना लोआवर मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१३ पीपीएम होतं, आज ४२० च्या वर गेलंय. त्यांचं यंत्रसुद्धा इन्फ्रारेडचंच होतं, पण ते सिलिंडरमधल्या माहीत असलेल्या वायूशी पुन्हा पुन्हा ताडून बघायचे, म्हणून आज इतक्या वर्षांनी त्या रेषेवर शंका घेता येत नाही. आपल्याकडे सिलिंडर कुठून येणार, पण आठवड्यातून एकदा मॉनिटर उघड्या खिडकीत वीस मिनिटं ठेवणं जमतं. मी दर रविवारी ठेवते.

जागा बदलू नका हे पण सांगायचंय. सुरुवातीला मी तो आज हॉल, उद्या किचन असा फिरवत होते आणि त्या पहिल्या महिन्याचा ग्राफ आता कशाशीच जुळत नाही. एकसारखं मोजत राहण्याचा फायदा बघा, अंटार्क्टिकातल्या हॅली या ब्रिटिश संशोधन केंद्रावर १९५७ पासून एकाच पद्धतीने ओझोन मोजत राहिले म्हणून १९८५ मध्ये तिथलं ओझोनचं छिद्र जगाला सांगता आलं. त्यामुळे आता रात्रंदिवस तो मुलीच्या खोलीत, छातीच्या उंचीवर, भिंतीपासून थोडा लांब असतो, रविवारची खिडकी आणि केंद्राशी ताडून बघायची बाल्कनी सोडली तर हलत नाही, आणि हलवला की वहीत वेळ लिहिते.

अॅप ठीकठाक आहे. पण त्यातल्या एक्यूआयच्या, म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाच्या, रंगाने फसू नका, तो निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर बेतलेला असतो आणि अॅप तो दर मिनिटाच्या आकड्याला लावतं, म्हणून तळणीच्या दहा मिनिटांत घर "धोकादायक" होतं. त्यातून देशादेशाची एक्यूआयची मोजपट्टी वेगळी, अॅपने कुठली घेतलीय ते सेटिंगमध्ये तीन पानं आत लपवलंय. मी सरळ मायक्रोग्रॅमच बघते. डेटा सीएसव्हीमध्ये, म्हणजे एक्सेलमध्ये उघडता येणाऱ्या फाइलमध्ये, काढता येतो, ही फार मोठी सोय आहे, डॉक्टरांना तीन महिन्यांचा ग्राफ छापून दिला तर त्यांनी फाइलला लावून ठेवला.

टिकण्याचं म्हणाल तर अशा काही स्वस्त लेझरचं आयुष्य ८००० तास दिलेलं असतं, सलग चालवलं तर जेमतेम अकरा महिने. म्हणून दर दहा मिनिटांनी एकदा मोजायचा मोड मी लावलाय, आमच्या कामाला तेवढं पुरतं. पंख्यात धूळ बसते, महिन्यातून एकदा मऊ ब्रशने साफ करते, फुंकर मारू नका, ओलावा आत जातो.

पाचपैकी साडेतीन स्टार. आर्द्रता वाढल्यावर नुसतं "आकडा जास्त असू शकतो" एवढी ओळ जरी दाखवली असती आणि तो पीएम १० चा आकडा काढून टाकला असता, तर साडेचार दिले असते.