डिस्टन्स रिले तपासणी सेवा, उद्यमबाग, बेळगाव: काम चोख, अहवाल अपुरा

चिकोडी-अथणीकडच्या साखर कारखान्यांनी ११० केव्ही लाइनसाठी ही सेवा जरूर घ्यावी. डिस्टन्स रिले म्हणजे व्होल्टेज आणि करंटवरून फॉल्ट किती ओहमवर आहे ते मोजून लाइन ट्रिप करणारं यंत्र. सीटीची (करंट ट्रान्सफॉर्मरची) नेमप्लेट ही माणसं स्वतः वाचतात, हे महत्त्वाचं. लाइन ८ ओहमची, सीटी ४००/१, पीटी (व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर) ११० केव्ही/११० व्होल्ट, तर रिलेला ३.२ ओहम दिसतात. झोन १ (लगेच ट्रिप करायचा टप्पा) त्याच्या ८० टक्के, म्हणजे २.५६. गुणोत्तर चुकलं की पोच चुकलीच.

चाचणीच्या किटमधून लोड करंट चालू ठेवून एका फेजचं व्होल्टेज काढून बघतात, हे फार आवडलं. पीटीचा फ्यूज उडाला की रिलेला फॉल्ट अगदी जवळ भासतो आणि धडधाकट लाइन ट्रिप होते; फ्यूज-फेल ब्लॉकिंगची, म्हणजे अशी चुकीची ट्रिप रोखण्याच्या सोयीची, खरी परीक्षा हीच.

उणीव मोठी आहे: गळीत हंगामात कारखान्याचा जनरेटर मधेच करंट ओततो, पलीकडचा फॉल्ट लांब वाटतो, झोन २ (लाइनच्या टोकापलीकडेही पोचणारा, थोडा थांबून ट्रिप करायचा टप्पा) आखूड पडतो. ते गणित अहवालात नसतं. मागून घ्या.