भोसरीतलं मेटल स्प्रेचं काम: पंप शाफ्ट द्यावा का?

द्यावा. भोसरी एमआयडीसीतलं हे छोटं जॉब शॉप शाफ्ट-स्लीव्हवर निकेल-क्रोम-बोरॉन-सिलिकॉनचा थर देतं आणि फ्युजिंग, म्हणजे फवारलेला थर तापवून वितळवून एकसंध करणं, मन लावून करतं. सगळा फरक तिथेच पडतो.

नुसता फ्लेम स्प्रेचा, म्हणजे ज्योतीत वितळवून फवारलेल्या धातूचा, थर सच्छिद्र असतो. पाणी छिद्रांतून खाली उतरलं की निकेल शाबूत राहतं, आतलं स्टील मात्र झपाट्याने गंजतं आणि थराला फुगे येऊन तो सुटतो. म्हणून इथे स्प्रेनंतर टॉर्चने जॉब १००० ते ११०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. पृष्ठभागावर ओली चकाकी आली की ज्योत लगेच पुढे. कमी तापलं तर छिद्रं उरतात, जास्त तापलं तर थर ओघळतो. फ्युज होताना थर आकसतो, त्यामुळे तेवढी जाडी आधीच जास्त मारतात. मग जॉब व्हर्मिक्युलाइटमध्ये (उष्णता धरून ठेवणारे हलके खनिज दाणे) पुरून सावकाश थंड करतात. घाई केली तर भेगा पडतात. शाफ्ट हार्डन केलेला आहे का, हेही आधी विचारतात, कारण या उष्णतेत हार्डनिंग उतरतं. असं विचारणारे फार थोडे!

स्प्रेआधी पृष्ठभाग खरबरीत करायचं ब्लास्टिंग चोख, त्यात मारायचे कण म्हणजे ग्रिट धारदार.

खटकतं एकच: झिंक स्प्रेच्या कामावर सीलर (छिद्रं बुजवणारा लेप) सांगितल्याशिवाय लावत नाहीत. चलनावर तसं लिहूनच द्या. निकेलचा जॉब ताब्यात घेताना फेरॉक्सिल चाचणी (रसायनात भिजवलेला कागद थरावर ठेवून छिद्रं शोधणं) करून मागा. कागदावर निळे ठिपके उमटले, तर छिद्रं स्टीलपर्यंत पोचलेली आहेत. जॉब परत करा.